एमबीबीएसचा अभ्यासक्रम आणि ‘बदल नको असलेले’ प्राध्यापक

वैद्यकीय शिक्षणाची चर्चा निघाली की एक दावा हमखास पुढे येतो आणि सहसा त्याला कोणी हरकत घेत नाही. एमबीबीएसचा अभ्यासक्रम वर्षानुवर्षे जुनाट राहिला, कारण तो शिकवणाऱ्या प्राध्यापकांना बदल नको असतो. नवा विषय आला की ते नाके मुरडतात, वेळ नाही आणि माणसे नाहीत या त्यांच्या तक्रारी म्हणजे आळसावर घातलेले पांघरूण आहे, आणि म्हणून वरून सक्ती केल्याखेरीज काही सुधारणार नाही, असे त्याचे एकूण स्वरूप असते. यातील एका भागात तथ्य आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. परंतु उरलेला दावा वस्तुस्थितीला धरून नाही.

अभ्यासक्रम जुना राहिला हे खरे आहे. तो प्राध्यापकांनी जुना ठेवला, हे मात्र खरे नाही. देशभरातील एमबीबीएसची चौकट, म्हणजे विषय कोणते, किती महिने आणि परीक्षा कशी, हे भारतीय वैद्यक परिषदेच्या विनियमांनी ठरत असे, आणि २०२० पासून ते काम राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाकडे आहे. नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ त्या चौकटीच्या आत तपशील भरते. १९९७ साली ठरलेली चौकट मोठ्या प्रमाणावर बदलली ती २०१९ च्या प्रवेशांपासून, सक्षमताधारित अभ्यासक्रम, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता आले पाहिजे यावर बेतलेला अभ्यासक्रम, लागू झाला तेव्हा. मधल्या बावीस वर्षांत कोणाला काही सुचलेच नव्हते असे नाही. परिषदेचाच ‘व्हिजन २०१५’ हा आराखडा २०११ मध्ये तयार होता आणि आज ज्या कल्पनांचे नवेपण सांगितले जाते त्यांपैकी अनेक त्यात आहेत. पण २०१० मध्ये परिषद बरखास्त होऊन नियामक मंडळ नेमले गेले, पुढे परिषद पुन्हा स्थापन झाली आणि २०१८ मध्ये पुन्हा तिच्या जागी मंडळ आले. या उलथापालथीत आराखडा पडून राहिला. त्याचा दोष नांदेडला किंवा मिरजेला शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या माणसाच्या माथी मारणे हा अन्याय आहे.

नव्या आशयाला प्राध्यापकांचा विरोध असतो, हा दाव्याचा दुसरा आणि अधिक गंभीर भाग. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच सापडते. न्यायवैद्यकशास्त्राच्या अभ्यासक्रमात ‘कौमार्याची लक्षणे’ हा भाग वर्षानुवर्षे शिकवला जात असे. शारीरिक तपासणीवरून स्त्रीचे कौमार्य ठरवता येते या समजुतीला वैज्ञानिक आधार नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसह संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी ही चाचणी बंद करावी असे जाहीर आवाहन केले होते. हा भाग अभ्यासक्रमातून काढावा, असा सविस्तर अहवाल विद्यापीठापुढे आणि परिषदेपुढे ठेवला तो सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत हाच विषय शिकवणारे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी. २०१९ मध्ये नाशिकच्या विद्यापीठाने तो भाग वगळला. बलात्कारपीडितेच्या तपासणीतील ‘टू फिंगर टेस्ट’ (योनिमार्गात दोन बोटे घालून केली जाणारी तपासणी) वैद्यकीय अभ्यासक्रमातून जावी यासाठी अभ्यासक्रमाचा आढावा घ्या, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला तो त्यानंतर, ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी. म्हणजे या एका बाबतीत तरी वर्धा जिल्ह्यातील एक शिक्षक विद्यापीठाच्या पुढे होता आणि विद्यापीठ दिल्लीच्या पुढे होते.

एकट्या माणसाचे उदाहरण म्हणजे अपवाद, असे कोणी म्हणेल. मुंबईच्या ‘सेहत’ या संस्थेने वैद्यकीय शिक्षण संचालनालय आणि आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांच्याबरोबर लिंगभाव हा विषय एमबीबीएसच्या शिकवणीत आणण्याचा उपक्रम केला, तेव्हा स्त्रीरोग, जनऔषधवैद्यक (समाजाच्या आरोग्याचे शास्त्र), औषधवैद्यक, मानसोपचार आणि न्यायवैद्यक या पाच विषयांचे पाठ तयार करण्यात शासकीय महाविद्यालयांतील प्राध्यापकच सहभागी होते. परळच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात २००५ पासून वैद्यकीय शिक्षकांसाठी दोन वर्षांची फेलोशिप चालते. आपल्या महाविद्यालयात अध्यापनाचा एखादा नवा प्रयोग करून दाखवणे हा तिचा गाभा आहे. शिक्षकांना सक्षमताधारित अभ्यासक्रमाची सक्ती होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट आहे.

आता दाव्यातील तथ्याकडे. १९९७ च्या विनियमांत एक तरतूद होती, जिची आठवण आज फारशी कोणी काढत नाही: व्याख्यानांचा वाटा एकूण वेळापत्रकाच्या एक तृतीयांशाहून अधिक नसावा, उरलेला वेळ प्रात्यक्षिके, रुग्णांजवळचे शिक्षण आणि गटचर्चा यांना द्यावा. कागदावर हे बावीस वर्षे होते, तरी असंख्य वर्गांत फळ्यावरून आणि नंतर स्लाइडवरून वाचून दाखवणेच चालू राहिले. त्याची सगळी जबाबदारी दिल्लीवर ढकलता येणार नाही. तसेच, रुग्णाशी बोलणे, संमती, नीतिमत्ता यांसाठी २०१९ मध्ये आलेल्या ‘एटकॉम’ या घटकाकडे काही विभागांत ‘हे काय शिकवायचे, अनुभवाने येते’ अशा नजरेने पाहिले जाते आणि त्याचे तास कनिष्ठांच्या गळ्यात मारले जातात, हेही मान्य करायला हवे. शिवाय कौमार्याची प्रकरणे ज्या पाठ्यपुस्तकांतून छापली जात होती, ती पुस्तके प्राध्यापकांनीच लिहिलेली होती.

पण या तथ्यातून ‘प्राध्यापकांना बदल नको’ असा सरसकट निष्कर्ष निघत नाही, कारण प्राध्यापकांची वृत्ती आशयागणिक बदलते. क्षयरोगाच्या औषधांची पद्धत २०१७ मध्ये देशभर आठवड्यातून तीनदा ऐवजी रोजच्या डोसवर आली, तेव्हा ती विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी कोणाची मनधरणी करावी लागली नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि न्यायवैद्यकच्या शिक्षकांनी कलमांचे आकडे बदलून घेतले. जे ज्ञान त्यांच्या रोजच्या कामात उतरते ते लगेच स्वीकारले जाते, अध्यापनाची रीत बदलायची म्हटली की पाय अडखळतात, आणि मूल्यांचा प्रश्न आला की शिक्षकांतच दोन तट पडतात. या तीन वेगळ्या गोष्टी एका शिक्क्याखाली आणल्या की उपायही चुकतो.

वेळ आणि माणसे यांची तक्रार ही सबब आहे, हा पुढचा आक्षेप. नव्या अभ्यासक्रमात सुमारे तीन हजार सक्षमता नोंदवलेल्या आहेत आणि त्यांपैकी ठरावीक कौशल्ये प्रत्येक विद्यार्थ्याने करून दाखवावीत, शिक्षकाने ती पाहावीत आणि लॉगबुकवर, म्हणजे विद्यार्थ्याच्या नोंदवहीवर, सही करावी अशी अपेक्षा आहे. कल्पना उत्तम आहे. मात्र ज्या २०१९ साली ती लागू झाली, त्याच वर्षी आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांच्या आरक्षणासाठी जागा वाढल्या आणि पुण्याचे बी. जे., मुंबईचे ग्रँट, परळचे जी. एस. अशा जुन्या महाविद्यालयांची तुकडी २५० पर्यंत गेली. पंधरा-पंधरा विद्यार्थ्यांचे गट करायचे तर एका तुकडीचे सतरा गट होतात, आणि तेवढ्या गटांना एकाच वेळी पुरतील इतके शिक्षक बहुतेक विभागांत नसतात. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यात एकाच दिवशी दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्घाटन झाले. नवे महाविद्यालय उभे राहताना जुन्यातील शिक्षक प्रतिनियुक्तीवर जातात आणि रिक्त जागी मुदतीच्या नेमणुका होतात, हा अनुभव या क्षेत्रातील कोणालाही नवा नाही. अशा ठिकाणी लॉगबुकवर एका बैठकीत शंभर सह्या होत असतील तर त्यामागे वृत्ती किती आणि अंकगणित किती, हे आधी तपासावे लागेल.

विद्यार्थी वर्गात न बसता ॲपवर शिकतात, यावरूनही शिक्षकांना बोल लावला जातो. विद्यार्थ्याचे पुढचे आयुष्य नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतील बहुपर्यायी प्रश्नांवर ठरत असेल, तर तो संवादकौशल्याच्या तासाला का बसेल? परीक्षा शिक्षक ठरवत नाहीत.

राहिला सक्तीचा मुद्दा. वरून येते ते सुधारणाच असते असे नाही. ३१ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सक्षमताधारित अभ्यासक्रमाची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत समलिंगी संबंधांचा उल्लेख पुन्हा ‘अनैसर्गिक लैंगिक गुन्ह्यां’मध्ये आला, अपंगत्वाविषयीचे तास गळाले आणि नाशिकने पाच वर्षांपूर्वी वगळलेले कौमार्याचे प्रकरणही परतले. ५ सप्टेंबरला आयोगाला ती मागे घ्यावी लागली आणि १२ सप्टेंबरला सुधारित आवृत्ती आली. हा मसुदा करणाऱ्या तज्ज्ञांतही प्राध्यापक असणार, हे उघड आहे; पण त्यावर जाहीरपणे आक्षेप घेणाऱ्यांत दिल्लीच्या युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ मेडिकल सायन्सेसमध्ये शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे डॉ. सतेंद्र सिंग हेही होते.