धमकी आणि खंडणी यांत फरक आहे

‘धमकी दिली की ब्लॅकमेलचा गुन्हा पूर्ण होतो’ असं ब्लॅकमेलवरच्या एका लेखात म्हटलंय, ते वाक्य दुरुस्त करायला हवं. भारतीय न्याय संहितेत ब्लॅकमेल नावाचं कलम नाहीच. १ जुलै २०२४ पासून लागतं ते कलम ३०८, म्हणजे खंडणी (जुन्या भारतीय दंड विधानातली कलमं ३८३-३८९). त्यासाठी हेतुपुरस्सर क्षतीची (इजा किंवा नुकसानीची) भीती घालणं, त्या भीतीच्या जोरावर अप्रामाणिकपणे समोरच्याला प्रवृत्त करणं आणि त्यातून पैसे, वस्तू किंवा सहीचा कागद प्रत्यक्ष दिला जाणं, हे सगळं लागतं. बहुतेक फिर्यादी या शेवटच्या मुद्द्यावर अडखळतात. इसाक मुसुंबा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय, काही हाती पडलंच नसेल तर खंडणी पूर्ण होत नाही. म्हणून अशा वेळी आरोपी सुटतोच असं मात्र नाही. खंडणीसाठी भीती घालणं ३०८(३) खाली वेगळा गुन्हा आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत. पैसे दिले गेले तर ३०८(२), सात वर्षांपर्यंत.

‘क्षती’त अब्रूही येते, त्यामुळे बदनामीची धमकी पुरते. मागणी पैशांऐवजी शरीरसंबंधांची असेल तर ३०८ ओढूनताणून लावू नका. कलम ३५१ (गुन्हेगारी स्वरूपाची धमकी) आणि लैंगिक गुन्ह्यांची कलमं बघा.

आणि घाबरून चॅट डिलीट करू नका! नुसता स्क्रीनशॉट अपुरा पडतो. मूळ फोन जपून ठेवा, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या कायद्याच्या) कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडा, यूपीआय व्यवहाराचा क्रमांक फिर्यादीतच लिहा.