‘ऑटिझमच्या मुलांना साध्या वर्गात घालू नका’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

शाळा सुरू व्हायच्या सुमारास पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतो. ऑटिझम (स्वमग्नता) असलेलं मूल साध्या वर्गात बसवलं की त्याचं आणि बाकीच्यांचंही नुकसान होतं, म्हणून शाळा त्याला नाकारू शकते; ते हट्टी असतं, धाक दाखवला की वळणावर येतं; हवं-नको दाखवायला चित्रकार्डं दिली तर कधीच बोलत नाही; गर्दीत तर त्याला नेऊच नये. पाठवणारे बहुतेक जण काळजीपोटीच पाठवतात, पण यातला एकही दावा टिकत नाही आणि त्याची किंमत मुलं मोजतात.

‘शाळा नाकारू शकते.’ नाही. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट उल्लेख आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळेने भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि मुलाच्या गरजेप्रमाणे सोयी करायच्या, असं कलम 16 सांगतं. दिव्यांगत्वाचं प्रमाण किमान 40 टक्के असल्याचा दाखला असेल तर 6 ते 18 वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत मोफत शिकण्याचा हक्क कलम 31 देतं, आणि यातली निवड शाळेने करायची नसते. तोंडी नकार ऐकून परतू नका. अर्ज देऊन पोच घ्या, नकाराचं कारण लेखी मागा आणि ते कागद घेऊन शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. तिथे दाद लागली नाही तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे.

‘हट्टी असतं, धाक हवा.’ सगळ्यात जास्त इजा या वाक्याने होते. हट्ट करणारं मूल मधूनमधून तुमच्याकडे बघतं आणि हवं ते मिळालं की थांबतं. मेल्टडाउनमध्ये, म्हणजे ताण असह्य होऊन मुलाचा स्वतःवरचा ताबा सुटतो तेव्हा, मागणीच नसते. आवाज, वास, धक्के, अचानक झालेला बदल यांचा ताण साठत साठत फुटतो. कानांवर हात, येरझाऱ्या, एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणणं ही बऱ्याचदा त्याची आधीची चिन्हं. अशा वेळी मारलं, ओरडलं तर ताणात भरच पडते. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेवर बंदी आहे.

मधल्या सुट्टीचंच बघा. घंटा, ताटांचा खणखणाट, सरकणारी बाकं, खिचडीचा वास. मूल तेवढं कसंबसं निभावतं आणि तासाभराने गणिताच्या तासाला वही भिरकावतं. बाई नोंद करतात, ‘विनाकारण चिडला’. कारण शोधायचं तर शाळेचे दहा दिवस चार रकाने भरा: वेळ, आधी काय घडलं (मागच्या तासाभरातलंही), मुलाने काय केलं, मोठ्यांनी काय केलं. धागा हाताला लागतो. मग घंटेच्या दोन मिनिटं आधी त्याला बाहेर काढा, व्हरांड्याच्या टोकाला जेवू द्या आणि नंतर दहा मिनिटं शांत कोपऱ्यात बसू द्या. हा कोपरा बहुतेक ठिकाणी एकाच चुकीने वाया जातो: मूल बिथरल्यावरच त्याला तिथे पाठवतात, मग ती शिक्षेची जागा होते. शांत असताना रोज नेऊन सवय लावली तरच ते पुढे आपणहून तिकडे जातं.

सूचनांचंही तसंच. ‘चला, आवरा, किती वेळ?’ यात नेमकं काय करायचं ते नाहीच. ‘वही दप्तरात ठेव’ म्हणा आणि मनात दहापर्यंत मोजा. मध्येच वेगळ्या शब्दांत सांगितलं की त्याला ऐकलेलं पहिल्यापासून जुळवावं लागतं.

‘चित्रकार्डांनी बोलणं थांबतं.’ 2006 आणि 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाच्या आढाव्यांत असं आढळलं नाही. उलट काही मुलांचं बोलणं थोडं वाढलं. ‘पाणी’, ‘नको’, ‘थांबा’, ‘शू’ ही कार्डं मुलाच्या हाताशी कायम हवीत. शिक्षा म्हणून काढून घेणं म्हणजे त्याचं तोंड बंद करणं. दिवसभरात कशानंतर काय हे दाखवणाऱ्या चित्रांच्या वेळापत्रकासाठी जाड पुठ्ठ्याची पट्टी, वेल्क्रो आणि बोटभर लांबीची चार-पाच कार्डं पुरतात. रेखाचित्र कळत नसेल तर खऱ्या वस्तूचा फोटो लावा. काम झालं की मुलाने स्वतः कार्ड काढून ‘झालं’च्या पाकिटात टाकायचं. भिंतीवर उंच टांगलेला तक्ता मुलाच्या कामाचा नाही. सर रजेवर गेले की सगळं कोसळतं, म्हणून एक ‘बदल’ कार्ड ठेवा आणि त्याची ओळख आवडत्या बदलाने करून द्या, जसं गणिताऐवजी मैदान.

‘गर्दीत नेऊ नका.’ न्या, पण बेतून. गणपती बघायचा तर सकाळी, आरतीच्या आधी. आदल्या दिवशी मंडपाचा फोटो दाखवा. आवाज अडवणारे हेडफोन आठवडाभर आधीपासून घरी लावून बघा. ढोलासमोर पहिल्यांदाच चढवले तर मूल ते फेकून देईल. पहिली भेट दहा मिनिटांची. मजेत आहे म्हणून लांबवू नका, खूश असतानाच निघा. मंडळांनी रोज सकाळी तासभर लाउडस्पीकर आणि लुकलुकणारे दिवे बंद ठेवून ती वेळ फलकावर लिहिली तर अनेक घरं प्रथमच दर्शनाला येतील.

निघण्यापूर्वी मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढा, खिशात फोन नंबर ठेवा. बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते, म्हणून विसर्जनाच्या ठिकाणी एका मोठ्या माणसाने फक्त त्याचा हात धरायचा, दुसरं काम घ्यायचं नाही. मूल दिसेनासं झालं तर आधी पाण्याकडे धावा. माईकवरून नाव पुकारायला दुसऱ्याला पाठवा, कारण हाक ऐकून ते उत्तर देईलच असं नाही.