खुलासा : ओक्लाहोमा ‘अपराजित’ नव्हती

अमेरिकेतल्या ओक्लाहोमा विद्यापीठाच्या मुलींच्या सॉफ्टबॉल संघाने 2023 चा हंगाम एकही सामना न हरता जिंकला, असा मजकूर फिरतोय. तसं नाही. त्या वर्षी संघ 61 सामने जिंकला, एक हरला. 19 फेब्रुवारीला बेलर विद्यापीठाच्या संघाने त्यांना 4-3 असं हरवलं. त्यानंतर मात्र सलग 53 विजय, आणि अमेरिकी महाविद्यालयीन सॉफ्टबॉलचं सलग तिसरं विजेतेपद! गोंधळ बहुधा या 53 मुळेच झाला असावा.

अंतिम फेरीही (यात तीनपैकी दोन सामने जिंकावे लागतात) काही एकतर्फी नव्हती. दुसऱ्या सामन्यात प्रतिस्पर्धी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठानेच आधी धाव काढली होती. पाचव्या डावात ओक्लाहोमाच्या सँडर्स आणि लायन्स यांनी लागोपाठ होमरन (चेंडू थेट कुंपणापार टोलवणारे फटके) मारले, तेव्हा कुठे पारडं फिरलं. निकाल ओक्लाहोमाच्या बाजूने 3-1.