अर्धा तास तहकूब

जबाबदार नागरिक व्हायचं असेल तर सुरुवात घरापासून करावी. म्हणजे घरातच बसावं. सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस 14 दिवस आधी येते. ही मुदत अहवाल वाचायला दिलेली असते असा काही भोळ्या लोकांचा समज आहे. ती कारण शोधायला असते.

गेल्या रविवारी आमची सभा झाली. एकूण 64 फ्लॅट, वेळ सकाळी दहा. उपविधी, म्हणजे सोसायटीची नियमावली, म्हणते, दोन तृतीयांश सभासद किंवा 20, यांपैकी जो आकडा कमी तो कोरम, म्हणजे सभा भरायला लागणारी किमान हजेरी. म्हणजे चौसष्टातले वीस. दहा वाजता आम्ही सात होतो, आणि त्यातले एक आजोबा रोजच तिथे पेपर वाचायला बसतात. मग अध्यक्षांनी ते ऐतिहासिक वाक्य उच्चारलं, ‘कोरमअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे.’ साडेदहाला तीच सात माणसं, त्याच खुर्च्या, फक्त चहा गार झालेला. तहकूब सभेला कोरम लागत नाही. हा नियम ज्याने लिहिला त्याने आपल्याला फार जवळून पाहिलं असणार. कमिटीत एक जागा बरेच दिवस रिकामी होती. मी कप ठेवायला उठलो, परत येईपर्यंत ती भरली होती. सचिवपद मात्र मला संध्याकाळी दिलं, तेवढा शिष्टाचार पाळला.

तर आता अधिकारवाणीने चार गोष्टी सांगतो.

गैरहजेरीचं कारण शक्यतो ‘गावी आहे’ हेच द्या. त्याला उलट प्रश्न येत नाही. फक्त त्या दिवशी गॅलरीत कपडे वाळत घालू नका.

मेंटेनन्स थकवा, पण लिफ्ट बंद पडली की पहिला फोन तुमचाच असला पाहिजे.

सभेला चुकून गेलातच तर तोंड उघडू नका. तो ऐवज ग्रुपसाठी राखून ठेवा. मी सभेचा वृत्तान्त दुपारी बाराला ग्रुपवर टाकला. बारा दहाला पहिला प्रश्न आला, ‘हे कधी ठरलं?’ मग ‘आम्हाला विचारलं नाही’, मग ‘कोटेशन कुठाय’, मग पार्किंग, मग 2019 चं पार्किंग. रात्री साडेअकरापर्यंत 143 मेसेज. एकाने तर संविधानाच्या उद्देशिकेचा फोटो टाकला, त्याखाली दुसऱ्याने शुभरात्रीचं गुलाबाचं फूल. सकाळी दहाला यातला एकही प्रश्न खाली उतरला नव्हता. तीन मजले फक्त, आणि तेव्हा लिफ्ट चालू होती.

अकरा जणांच्या कमिटीत दोन जागा स्त्रियांसाठी राखीव असतात. त्या अगत्याने भरा. नाव मिसेसचं, सही मिसेसची, मीटिंगला आपण. गावाकडच्या सरपंचपतींना आपण हसतो, इकडे त्यालाच ‘तू नको दगदग करू, मी बघतो’ म्हणतात.

कोणी इतिहास काढला तर विषय बदला. कारण तो गैरसोयीचा आहे. 1870 साली पुण्यात सार्वजनिक सभा निघाली, ती मुळात कशावरून? पर्वतीवरच्या देवळांचं जे पर्वती संस्थान, त्याच्या कारभाराबद्दल लोकांची तक्रार होती. थोडक्यात, कारभार नीट करा आणि आम्हाला दाखवा. इमारतीच्या मोठ्या दुरुस्तीसाठी साठवतो त्या आपल्या सिंकिंग फंडाचंच भांडण म्हणा ना. पण त्या मंडळींनी नियम काय केला, तर सभेचा सभासद व्हायचं असेल तर निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचं मुखत्यारपत्र आणायचं. पन्नास! राज्य परक्याचं, मताचा अधिकार नाही, तरी दारोदार जाऊन ‘मी तुमच्या वतीने बोलू का’ असं विचारायचं. तीन वर्षांनी त्याच पुण्यात जोतीरावांनी सत्यशोधक समाज काढला. तिथे जाणाऱ्याला नातेवाईक तोडतील, भटजी दार बंद करतील, ही तयारी ठेवून जावं लागे. आपल्याला फक्त चप्पल घालून जावं लागतं.

(हा रोग शहरीच आहे असं समजू नका. ग्रामसभेलाही कोरम लागतो, आणि तीही तहकूब झाली की लागत नाही. नियम लिहिणारा बहुधा तोच.)

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. पाण्याच्या टाकीला तडा, गच्चीतून गळती, लेखापरीक्षण, असल्या किरकोळ विषयांना जाऊ नका. पण नवा भाडेकरू कोण येतोय हे ठरवायचं असेल तर सहकुटुंब हजर राहा. जूनमध्ये आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या मालकाने एका तरुण जोडप्याला फ्लॅट दिला. दोघं नोकरी करणारे, कागदपत्रं चोख, पोलिसांकडे नोंद केलेली. फक्त आडनाव वेगळं होतं. नोटीस नाही, अजेंडा नाही, ग्रुपवर एक ओळ पडली, ‘खाली या, महत्त्वाचं आहे.’ अर्ध्या तासात 41 माणसं! मी मोजली. गावी असलेलेसुद्धा आले. मेंटेनन्स थकवलेले पुढच्या रांगेत. त्या दोन राखीव जागांवरच्या बायकाही त्या दिवशी स्वतः आल्या, नवऱ्यांसकट. कोणी म्हणालं आपली संस्कृती, कोणी म्हणालं मुलांवर परिणाम, कोणी म्हणालं ‘मला वैयक्तिक काही नाही, पण’. त्या ‘पण’पुढे जे आलं ते लिहीत नाही.

सरकारच्या आदर्श उपविधींप्रमाणे भाडेकरू ठेवायला सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, कळवावं लागतं. मालक स्वतः राहत नाही म्हणून लावतात ते बिनभोगवटा शुल्कसुद्धा सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांवर घेता येत नाही. हे त्या 41 जणांतल्या निम्म्यांना ठाऊक होतं, कारण त्यांचे स्वतःचे दुसरे फ्लॅट भाड्याने दिलेले आहेत. मुंबईत गावदेवीला 1915 साली सारस्वतांनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, ती ज्ञातीच्या आधारानेच. परक्या शहरात आलेल्या माणसाला ओळखीचा जामीन लागतो, त्यामुळे ते निदान समजून घेता येतं. अहमदाबादच्या पारशी सोसायटीच्या खटल्यात 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने उपविधींत लिहिलेलं असेल तर सभासदत्व एका समाजापुरतं ठेवता येतं, असं म्हटलं. मला तो निकाल पटत नाही, पण तिथे निदान लिहिलेलं तरी होतं. आमच्या उपविधींत असा एक शब्द नाही. पहिल्या पानावर सहकाराची तत्त्वं छापली आहेत, त्यात सभासदत्व सर्वांना खुलं हे पहिलंच. आम्ही ते तोंडी बंद केलं. मिनिट्समध्ये नोंद नाही, ठराव नाही, सूचक नाही, अनुमोदक नाही. ज्या बिल्डिंगला जिन्याचा रंग चार वर्षं ठरवता आला नाही, तिने दोन माणसांना वीस मिनिटांत हाकललं.

आणि मी? मी तिथेच होतो, खांबाला टेकून. माझ्याकडे उपविधींचं पुस्तकही होतं, वर, कपाटात. मी ते आणायला गेलो नाही.

पुढचा सल्ला पालिकेला शिव्या देण्याबद्दल होता. खड्डे, कचरा, टँकर, तुम्हाला पाठ आहे. मार्च 2022 मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली आणि तीन वर्षं उलटून गेली तरी नगरसेवक नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. खरं सांगा, तुम्हाला किती दिवसांनी लक्षात आलं? आमच्या ग्रुपवर त्या काळात या विषयावर एक मेसेज नव्हता. का असेल? प्रतिनिधी नसलेला कारभार आपल्याला घरबसल्या सवयीचा झालाय.

उपरोध पुरे आता, जमत नाही मला. गडचिरोलीत मेंढा (लेखा) नावाचं काही शे वस्तीचं गोंड गाव आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा. तिथे बहुमताने ठरत नाही, सगळ्यांची सहमती होईपर्यंत बसतात, एकाचं अडलं तर पुन्हा बसतात. 2009 साली त्यांनी सुमारे 1,800 हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, पुढे बांबू स्वतः विकला. तुम्ही पदवीधर आहात. तुमच्या दारावर पितळी पाटी आहे. तुम्हाला वर्षातून एकदा दीड तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवत नाही, आणि दुसऱ्याला घराबाहेर काढायचं म्हटलं की उभं राहायलाही चालतं! मुलांसमोर लोकशाहीच्या नावाने गळा काढू नका. त्यांनी जूनमध्ये जिन्यातून सगळं पाहिलंय.

पुढच्या महिन्यात विशेष सभा लावतोय. विषय दोन, पाण्याची टाकी आणि जूनमध्ये जे झालं त्याची मिनिट्समध्ये नोंद. दुसऱ्या विषयात माझंही नाव घालणार आहे. रविवार, सकाळी दहा. खुर्च्या मी 20 मागवल्यात.