शालूवरचे मोती आणि नवरीची आसवं

लगीनसराई जवळ आली की रत्नागिरी-मालवणकडे व्हॉट्सअ‍ॅपवर एक संदेश फिरू लागतो : ‘मोती म्हणजे समुद्राचे अश्रू. म्हणून कोकणात नवरीच्या शालूवर मोत्यांची नक्षी कधीच नसे. ही नक्षी निघाली आपल्याच समुद्रातल्या मोत्यांवरून.’ तो वाचून आमच्याकडे एका मुलीने भरलेला काठ उसवायला काढला, म्हणून हे लिहिते आहे.

नवरीने मोती घातले तर तितकी आसवं गाळावी लागतात, हा समज युरोपातला. आपल्याकडे मोती पावसाचा : स्वाती नक्षत्राचा थेंब शिंपल्यात पडला की त्याचा मोती होतो, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. पानिपतानंतरचा सांकेतिक निरोप आठवा. त्यात विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ हे गळालेले दोन मोती आहेत, बाकीचे सरदार मोहरा. सगळ्यांत मोलाचं माणूस म्हणजे मोती.

आणि ‘कधीच नसे’? नवरीच्या कपाळावर मुंडावळ्या मोत्यांच्या, नाकात नथ मोत्यांची, गळ्यात तन्मणी आणि चिंचपेटी. रुखवतात मोत्यांचं तोरण, ताटाभोवती मोत्यांची महिरप. पुढे पाळण्यावर मोत्यांचं चिमणाळं. बाळाच्या नजरेसमोर ज्या बायकांनी हौसेने मोती टांगले, त्या मोत्यांना अशुभ मानत होत्या, हे मला पटणं शक्य नाही.

उगमाचं म्हणाल, तर कापडावरच्या मोत्यांच्या नक्षीचा सर्वांत प्रसिद्ध जुना प्रकार इराणच्या सासानी राजवटीशी (इ.स. २२४ ते ६५१) जोडला जातो. मोत्यांचं गोल कडं आणि आत सिंह, पक्षी किंवा घोडेस्वार. अशी रेशमी वस्त्रं पश्चिम चीनमधल्या तुर्फानजवळच्या अस्ताना दफनभूमीत सापडली, जपानच्या होर्यूजी मंदिरातही जपलेली आहेत. त्या मोत्यांत राजतेज पाहणारे अभ्यासक आहेत. अश्रूंचा तिथे संबंध नाही. मोत्यांसाठी गाजले ते पर्शियन आखात आणि भारत-श्रीलंकेमधलं मन्नारचं आखात. आपल्या खडकांवरची कालवं खायला उत्तम, पण मोत्याला झळाळी देणारा थर त्यांच्या शिंपल्यात नसतो.

काठ उसवू नका. काळजी घ्यायचीच तर खऱ्या मोत्यांवर अत्तर फवारू नका, आणि वैशाखातल्या घामाने भिजलेल्या मुंडावळ्या मऊ फडक्याने पुसून ठेवा. मोती मुख्यतः चुन्याच्याच क्षाराचा, आम्लाने त्याचं पाणी उतरतं.