दोन मुलं, एक मुलगी आणि १/३: कारेलीबागच्या काकांच्या कमेंटला उत्तर

काका, नमस्कार. तुमची कमेंट रागावून लिहिलेली आहे हे दिसतंय, पण तुम्ही पोस्ट शेवटपर्यंत वाचलीत आणि गणित मांडून विरोध केलात, म्हणून नुसतं "धन्यवाद काका" लिहून सोडून देणं मला पटेना. उत्तर लांबलंय, सवडीने वाचा.

बाकीच्यांसाठी आधी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी विचारलं होतं की एका घरात दोन मुलं आहेत, त्यातली निदान एक मुलगी आहे एवढंच आपल्याला माहीत आहे, तर दोन्ही मुलीच असण्याची प्रॉबेबिलिटी, म्हणजे शक्यता, किती? उत्तर दिलं होतं १/३. तुम्ही म्हणता साफ चूक, उत्तर १/२, कारण एक मुलगी आहे म्हटल्यावर उरलं दुसरं मूल, ते मुलगा असेल नाहीतर मुलगी, पहिल्याशी त्याचा काय संबंध. वर असंही म्हणता की शक्यता मुळात तीनच आहेत, दोन्ही मुलगे, दोन्ही मुली आणि एक-एक, त्यातली पहिली बाद झाली की उरतात दोन, म्हणजे पुन्हा अर्धंच. आणि खरा राग यावर आहे की तुमची नात बडोद्याच्या एमएस युनिव्हर्सिटीत बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला आहे, तिने माझी पोस्ट वाचून तुमच्याशी वाद घातला, तर अशी कोडी घालून पोरांना कशाला गोंधळात टाकता, फॉर्म्युले पक्के करून घ्या, पेपरात मार्क त्यालाच आहेत.

तीन शक्यतांचं आधी घेते, ते लवकर सुटतं. शक्यता तीन आहेत हे खरं, पण त्या तिन्ही सारख्याच वेळा घडतात हे कुठून आलं? थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी हे एक घर झालं, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा हे वेगळं घर झालं, तुमच्या "एक-एक"मध्ये ही दोन्ही कोंबलेली आहेत, म्हणून ती शक्यता बाकीच्या दोघींच्या दुप्पट आहे. इथे भलेभले घसरलेत. फ्रान्सचा द'अलाँबेर, म्हणजे केवढा मोठा गणिती, त्याने १७५४ साली तिथल्या विश्वकोशात लिहिलं की नाणं दोनदा उडवायचं असेल तर निदान एकदा छापा पडण्याची शक्यता २/३. का, तर पहिल्यांदाच छापा पडला की काम झालं, नाहीतर दुसऱ्यांदा पडेल, नाहीतर पडणारच नाही, अशा तीन गोष्टी, त्यातल्या दोन सोयीच्या. खरं उत्तर ३/४ आहे, कारण पहिल्यांदाच छापा पडणं हे एकटंच निम्म्या वेळा होतं आणि उरलेल्या दोन गोष्टी पाव-पाव वेळा. यादी बरोबर होती, पण यादीतल्या सगळ्या ओळी सारख्या धरल्या.

आता तुमचा पहिला मुद्दा, "दुसऱ्या मुलाचा पहिल्याशी काय संबंध", यात खरंच दम आहे, म्हणून इथे जरा निवांत लिहिते.

वाघोडिया रोडवरची एखादी भलीमोठी सोसायटी डोळ्यासमोर आणा, तिच्यात दोन मुलं असलेली ४०० घरं आहेत असं धरू. मुलगा-मुलगी अर्धं-अर्धं धरू (जन्माच्या वेळी मुलगे किंचित जास्त असतात, पण त्याने मुद्दा बदलत नाही). मग साधारण १०० घरांत दोन्ही मुलगे, १०० घरांत दोन्ही मुली आणि २०० घरांत एक-एक. नवरात्र तोंडावर आलंय, कमिटीने ग्रुपवर मेसेज टाकला की ज्यांच्या घरी मुलगी आहे त्यांनी गरब्याच्या पाससाठी घर नंबर लिहून द्या. किती नंबर येतील? ३००. त्यातली दोन्ही मुलींची घरं किती? १००. म्हणजे यादीतल्या कुठल्याही नंबरवर बोट ठेवलं तर १/३.

आता सोसायटी तीच, घरंही तीच. संध्याकाळी प्रत्येक घरातून एकच मूल दुधाची पिशवी आणायला खाली उतरतं, आणि दोघांपैकी कोण उतरणार ते चिठ्ठी टाकून ठरतं असं समजा. तुम्ही गेटवर उभे आहात, मुलगी दिसली की विचारायचं, बेटा घरी भाऊ आहे की बहीण? दोन्ही मुलींच्या घरांतून १०० मुली उतरतील. एक-एकवाल्या २०० घरांतून निम्म्या वेळा मुलगा आणि निम्म्या वेळा मुलगी, म्हणजे तिथूनही १०० मुली. गेटवर एकूण २०० मुली दिसल्या आणि त्यातल्या १०० जणी म्हणतील बहीण आहे. झालं की नाही अर्धं!

म्हणजे काका, तुमचं १/२ हे गेटवरच्या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि तिथे ते अगदी बरोबर आहे. माझ्या पोस्टमधला प्रश्न यादीतला होता. दोन्हीकडे आपल्याला कळलं एवढंच की या घरात मुलगी आहे, पण कळलं कसं ते वेगळं, आणि त्याने उत्तर बदलतं, कारण यादीत एक-एकवालं घर हमखास येतं आणि गेटवर तेच घर निम्म्या वेळा निसटतं. तुम्ही "दुसरं मूल" म्हणता तेव्हा मनात एक मूल आधीच समोर उभं केलेलं असतं, ही इथे उभी असलेली मुलगी आणि घरी असलेलं ते दुसरं. यादीत कुणी उभंच नाहीये, तिथे पहिलं कोण आणि दुसरं कोण हे ठरतच नाही. गणिताची कोडी लिहिणाऱ्या मार्टिन गार्डनर यांनी १९५९ साली हे कोडं मासिकातून मांडलं तेव्हाही वाद झाला होता आणि माहिती कशी मिळाली ते सांगितल्याशिवाय प्रश्न पुरा होत नाही हे त्यांनीही मान्य केलं होतं. पडताळायचं असेल तर नातीबरोबर दोन नाणी घेऊन बसा, १०० वेळा जोडी उडवा, दोन्ही काटे पडले ती ओळ खोडा, आणि राहिलेल्या ओळींत दोन्ही छापे किती ते मोजा, पंचाहत्तरच्या आसपास ओळी उरतील आणि पंचविसाच्या आसपास छाप्याच्या जोड्या निघतील.

शिकवताना मुलांना मी एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारायला लावते: कशापैकी? अपूर्णांकात वर काय लिहायचं ते सगळ्यांना येतं, घोळ सगळा खालच्या आकड्यात होतो.

आता फॉर्म्युल्यांबद्दल. इव्हेंट इंडिपेंडंट (एक घडल्याचं कळून दुसऱ्याची शक्यता बदलत नाही असे) असतील तर गुणाकार, म्युच्युअली एक्स्क्लुझिव्ह (दोन्ही एकदम घडूच शकत नाहीत असे) असतील तर बेरीज, हे झोपेतून उठवलं तरी सांगणारी मुलं माझ्याकडे येतात, आणि त्यांना विचारलं की पत्त्यांच्या कॅटमधून एकच पान काढायचंय, ते राजा असणं आणि ते राणी असणं हे इंडिपेंडंट आहेत का, तर निम्मी मुलं हो म्हणतात, कारण "दोघांचा एकमेकांशी संबंध नाही". अरे, राजा निघाला हे कळल्यावर राणीची शक्यता १/१३ वरून थेट शून्यावर आली, याहून जास्त संबंध काय असणार! याउलट एक्का असणं आणि बदाम असणं घ्या. ५२ पानांत ४ एक्के, म्हणजे १/१३. पान बदामाचं आहे हे कळलं तरी १३ बदामांत एकच एक्का, पुन्हा १/१३. कळून काही फरक पडला नाही, म्हणून इंडिपेंडंट.

आता कॅटमधून किलवरची दुर्री काढून बाजूला ठेवा. ना एक्क्याला हात लावला ना बदामाला. पण आता पानं ५१, एक्क्याची शक्यता ४/५१ झाली, आणि बदाम आहे हे कळल्यावर ती अजूनही १/१३ च आहे, म्हणजे ४/५२. दोन्ही आकडे आता सारखे नाहीत. एक फालतू पान हरवलं आणि एक्का-बदाम इंडिपेंडंट राहिले नाहीत! मला स्वतःला हे उदाहरण फार आवडतं, कारण यातून कळतं की "संबंध नाही" हे वाटण्यावर चालत नाही, मोजून बघावं लागतं, आणि मोजायचं म्हणजे पुन्हा तेच, कशापैकी.

हे नुसतं पत्त्यांपुरतं असतं तर मी एवढं ताणलं नसतं. इंग्लंडमध्ये सॅली क्लार्क नावाच्या बाईंची दोन तान्ही बाळं एकामागोमाग एक गेली आणि खुनाचा खटला त्यांच्यावरच चालला. एका नामवंत डॉक्टरांनी कोर्टात सांगितलं की अशा घरात बाळ झोपेत अचानक जाण्याची शक्यता ८५४३ त १, दोन बाळं म्हणून ८५४३ गुणिले ८५४३, म्हणजे साधारण ७ कोटी ३० लाखांत १. १९९९ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. फॉर्म्युला बरोबर पाठ होता ना काका! पण एकाच आईबापांची, एकाच घरातली दोन भावंडं, तीच आनुवंशिकता, तीच हवा, त्यांचे मृत्यू इंडिपेंडंट आहेत हे कुणी मोजलं होतं? आणि समजा आकडा खरा धरला तरी तो सगळ्या घरांपैकी होता. कोर्टापुढचा प्रश्न वेगळा होता, ज्या घरांत दोन बाळं गेलीच आहेत त्या घरांपैकी किती ठिकाणी खून आणि किती ठिकाणी नैसर्गिक मृत्यू, कारण आईने दोन्ही बाळांना मारणं हेही अतिशय दुर्मिळ आहे. २००१ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटी या तिथल्या संख्याशास्त्रज्ञांच्या संस्थेने या गुणाकारावर जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये बाई अपिलात सुटल्या आणि २००७ मध्ये वारल्या. हे शिकवताना दरवेळी माझा आवाज चढतो, चढू दे.

आणि इतक्या लांब कशाला जायचं. आपल्या विश्वामित्री नदीला २०१९ च्या जुलैअखेर पूर आला, परत २०२४ च्या ऑगस्टअखेर आला, आणि पाणी ओसरल्यावर आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडी एकच की आता काही वर्षं तरी चिंता नाही. नदी मागच्या वर्षीचा हिशोब ठेवत नाही हो. समजा एखाद्या जागी मोठ्या पुराची शक्यता दर वर्षी १ टक्का आहे, ज्याला लोक शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर म्हणतात. हा १ टक्का एका वर्षापैकी आहे. तुम्ही तिथे घर घेऊन ३० वर्षांचं लोन काढलं तर विचारायचं असतं की त्या ३० वर्षांत एकदा तरी पूर येण्याची शक्यता किती. ०.९९ चा ३० वेळा गुणाकार केला की येतं ०.७४, म्हणजे पूर यायची शक्यता साधारण २६ टक्के, चारात एकाहून थोडी जास्तच. यातही प्रत्येक वर्ष इंडिपेंडंट धरलंय, आणि नदीच्या काठावर बांधकामं वाढत असतील तर तो १ टक्का १ टक्का तरी राहतो का, हाही प्रश्न आहेच.

राहता राहिला पेपर. नातीला सांगा, "निदान एक मुलगी आहे" असं दिलेलं असेल तर आधी सँपल स्पेसचे, म्हणजे सगळ्या शक्यतांच्या यादीतले, चार प्रकार थोरलं-धाकटं क्रमाने लिही, चौघांची शक्यता सारखी धरली आहे हे एका वाक्यात लिही, मुलगा-मुलगा खोड, आणि मग १/३. "थोरली मुलगी आहे" असं दिलं असेल तर चारातले दोन खोडले जातात आणि उत्तर १/२, इथे मात्र दुसरं मूल कोणतं ते ठरलेलं आहे, तुमचा युक्तिवाद जशाच्या तसा चालेल. कंडिशनल प्रॉबेबिलिटीचा (एक गोष्ट कळलेली असताना दुसरीची शक्यता काढायचा) फॉर्म्युला त्याच्याखाली लिहिला की त्याचेही मार्क मिळतात. तिचा पुढचा चॅप्टर बेजच्या थिअरमचा असेल, त्यात "टेस्ट पॉझिटिव्ह आली तर आजार असण्याची शक्यता" अशी गणितं असतात. त्यात हजार माणसं कागदावर मांडून सोडवायला सांगा, आणि तुमचं तिच्याशी उत्तर जुळलं नाही तर दोघांची मांडणी इथे कमेंटमध्ये टाका, मी बघते.