'विसावा माणूस घेऊ नका' म्हणे!

भोसरी-चाकणकडच्या लघुउद्योजकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: 'विसावा माणूस घेऊ नका. पीएफ लागला की पगाराचे 24 टक्के मालकाच्या खिशातून जातात, पैसा सरकारकडे अडकतो, कामगारांनाही तो नकोच असतो.' वीस माणसं झाली की पीएफचा, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचा, कायदा लागू होतो, म्हणून हा सल्ला. अशाच वर्कशॉपची पीएफची चलनं मी वर्षानुवर्षं भरतोय, म्हणून गप्प बसवत नाही.

24 पैकी 12 टक्के कामगाराच्याच पगारातून कापले जातात. मालकाचे 12, शिवाय पीएफसोबतच्या विम्याचा अर्धा टक्का आणि प्रशासन खर्चाचा अर्धा टक्का, असे 13 टक्के. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून 15,000 असेल तर माणशी 1,950 रुपये, वीस जणांचे महिन्याला 39,000. रक्कम लहान नाही, मान्य. पण जॉबवर्कचा रेट लावताना लाइटबिल धरता, तसंच हेही धरायचं. काही जण आपला हिस्साही कामगाराच्याच पगारातून वळता करतात. ते सरळसरळ बेकायदा आहे.

एकोणीसवर थांबायची युक्तीही टिकत नाही. ठेकेदाराचे हेल्परसुद्धा मोजणीत येतात. त्याच शेडमध्ये बायकोच्या नावाने दुसरी फर्म काढली, तरी दोन्ही एकच धरली जाऊ शकतात. मग मागची वर्गणी व्याज-दंडासकट भरा.

पैसा अडकतो म्हणावं, तर 2024-25 साठी व्याज 8.25 टक्के होतं, आणि आजारपण, लग्न, घर यांसाठी नोकरीत असतानाही रक्कम काढता येते. आधारवरच्या नावाशी नाव जुळलं नाही की क्लेम परत येतो, हे मात्र खरं. ते नाव वेळेत दुरुस्त करून देणं मालकाच्याही हातात आहे.

राहिलं 'कामगारांना नकोच'. एका वर्कशॉपमधला टर्नर दर पगाराला म्हणायचा, "साहेब, कापू नका, हातात द्या." चाळिशीतला माणूस. रात्रपाळी करून घरी गेला आणि झोपेतच गेला. तेराव्यानंतर त्याची बायको प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्डं आणि मृत्यूचा दाखला घेऊन माझ्यासमोर बसली. पीएफ तर होताच. शिवाय ज्यासाठी कामगार एक रुपयाही भरत नाही तो विमा, जास्तीत जास्त 7 लाखांपर्यंतचा. तिला पेन्शन, दोन्ही मुलांना पंचविशीपर्यंत पेन्शन. यातलं काहीही तिला ठाऊक नव्हतं.

ई-नॉमिनेशन, म्हणजे वारसाची ऑनलाइन नोंद, भरलेलं नव्हतं, म्हणून वारसाच्या कागदांत तीन महिने गेले. तेव्हापासून नवा माणूस लागला की पहिल्याच आठवड्यात मी त्याच्याकडे बायकोचा फोटो आणि आधार मागतो.